परदेशात पासपोर्ट चोरीला गेल्यास

वेरूळच्या कैलास लेण्यासमोर भान हरपून उभे असलेले परदेशी पर्यटक छत्रपती संभाजीनगरकरांना नवे नाहीत. परदेशात आपलीही तीच अवस्था होते आणि पाकीटमार नेमका तोच क्षण हेरतात. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातील कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांच्या उपद्रवाला कंटाळून एप्रिल २०१३ मध्ये एक दिवस काम बंद ठेवले होते.

पैसे गेले तर सहल बिघडते. पासपोर्ट गेला तर परतीची वाटच अडते. अशा वेळी प्रथम स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. तातडीच्या मदतीसाठी युरोपीय संघातील देशांत ११२, ब्रिटनमध्ये ९९९ आणि अमेरिकेत ९११ हे क्रमांक आहेत. त्यानंतर भारतीय दूतावास गाठावा. तेथे नव्या पासपोर्टसाठी किंवा लगेच परतायचे असल्यास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’साठी अर्ज करता येतो. हे प्रमाणपत्र केवळ एकदा भारतात परतण्यासाठी चालते. त्यावर पुढील देशांची सहल करता येत नाही.

या कामी उपयोगी पडते ती निघण्यापूर्वीची तयारी. पासपोर्ट व व्हिसाच्या छायाप्रती आणि स्वतःची छायाचित्रे मूळ कागदपत्रांपासून वेगळ्या बॅगेत ठेवावीत. एक संच घरी द्यावा. पोलीस असल्याचे सांगून कोणी रस्त्यात पाकीट मागितल्यास ते हाती न देता पोलीस ठाण्यात जाण्याचा आग्रह धरावा.

आणि एक ध्यानात ठेवावे : तक्रारीनंतर जुना पासपोर्ट सापडला, तरी त्यावर प्रवास करू नये. हरवल्याची नोंद होताच तो रद्द ठरतो.