नालेसाठी घोडा

वडील गेल्यावर त्यांच्या सायकलची घंटी तेवढी घरात उरली होती. तिच्यासाठी मी पेठ वडगावच्या बाजारातून गंजकी फ्रेम आणली.

"नालेसाठी घोडा!" सौभाग्यवती म्हणाल्या.

भंगारात चेनचं दातेरी चाक मिळालं, बी.एस.ए.चं. मी ऐकवलं, "१८६१ साली बर्मिंगहॅमला ही कंपनी निघाली ती बंदुका करायला, पुढं सायकलींकडं वळली. आपल्या किर्लोस्कर बंधूंचं उलटं! १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान, आणि त्यातनं पुढं लोखंडी नांगर!"

"आणि तुमच्यातनं काय निघणार?"

महिन्याभरानं सायकल उभी राहिली. दारात घंटी वाजवली. स्वयंपाकघरातली आई पिशवी घ्यायला सवयीनं सोप्यात आली.

सौभाग्यवतीही मग काही बोलल्या नाहीत.