गटेची वाइन आणि ‘कोरडी’ चव

मराठीच्या वर्गात गटेचे नाव निघाले की पाठोपाठ ‘शाकुंतल’ येते आणि ते डोक्यावर घेऊन तो नाचल्याची आख्यायिकाही येते. १७९१ साली त्याने शाकुंतलावर लिहिलेल्या चार ओळी खऱ्या. नाच बहुधा आपल्या रसिकतेने जोडलेला. याच गटेने जून १८०६मध्ये ख्रिस्तियानेला, म्हणजे चार महिन्यांनी जिच्याशी त्याचा विवाह झाला तिला, पत्र लिहून व्युर्त्सबुर्गच्या वाइनच्या बाटल्या मागवल्या. दुसरी कोणतीही वाइन त्याला रुचत नव्हती. आजोबा फ्रँकफुर्टमध्ये खाणावळ चालवीत व वाइनचा व्यापार करीत, तेव्हा जीभ चोखंदळ असणे साहजिकच!

व्युर्त्सबुर्ग हे माइन नदीकाठच्या फ्रांकन प्रदेशातले मुख्य शहर. ‘श्टाइन’ नावाच्या चुनखडीच्या तीव्र उतारावरचे तिथले द्राक्षमळे जुने आहेत. लाकडी पिंपांत सावकाश आंबताना रसातली बहुतेक साखर मद्यार्कात बदलून जाई. उरे ती चव जर्मन भाषेत ‘ट्रॉकन’, शब्दशः कोरडी. या शब्दाशी आमचे जमत नाही. आपल्याकडे ‘ड्राय’ हा शब्द वाइनपेक्षा ‘डे’च्याच मागे अधिक लागतो; आणि षड्रसांच्या परंपरेत गोडाच्या अभावाला वेगळे नावच नाही. एका उणिवेवरून गुणाचे नाव पडावे, हे भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असेच आहे.

आज या प्रदेशाची ओळख ठरलेले सिल्व्हानर हे द्राक्ष इथले मूळचे नव्हे. तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८–४८) उजाड झालेले मळे पुन्हा उभे करताना १६५९ साली कास्टेल गावी ऑस्ट्रियातून आणलेली पंचवीस रोपे लावली गेली. १६६५मध्ये एब्राखच्या मठाधिपतीने, आल्बेरिख डेगनने, ते श्टाइनवर नेले. गटेच्या पेल्यात निव्वळ सिल्व्हानरच असेल असे मात्र नाही, कारण त्या काळी एकाच मळ्यात अनेक जाती मिसळून लावीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन वाइन जगभर गोड म्हणून ओळखली जाऊ लागली. सूक्ष्म गाळणीमुळे यीस्ट काढून टाकून गोडवा टिकवणे सोपे झाले, बाटलीत भरण्यापूर्वी न आंबलेला रस मिसळणेही रूढ झाले आणि ‘लीबफ्राउमिल्ख’ने निर्यातीची बाजारपेठ व्यापली. १९७१च्या कायद्याने द्राक्षरसातल्या साखरेवरून दर्जा ठरवला. त्याच व्यवस्थेत ‘ट्रॉकन’ची मर्यादा लिटरमागे फार तर नऊ ग्रॅम साखर अशी आहे. फ्रांकनमध्ये मात्र चारच्या आतल्या वाइनलाच खरी कोरडी म्हणण्याची रीत टिकली. आमच्या मते याचे कारण तत्त्वनिष्ठेत नाही, ताटात आहे. ही वाइन बरीचशी आसपासच खपे, आणि तिथे ती जेवणाबरोबर घेतली जाई.

ताटातला मानकरी म्हणजे आपल्या शतावरीचा भाऊबंद असलेला पांढरा अ‍ॅस्परॅगस. मातीचे उंच वरंबे करून, उजेड लागू न देता वाढवलेले हे कोंब सोलून, उकडून, वितळलेले लोणी, बटाटे आणि हॅमबरोबर वाढतात. त्यांना किंचित कडवटपणा असतो आणि गंधकाची छटा असते. लाल वाइनमधल्या टॅनिनशी गाठ पडली की तोंडात धातूची चव येते. गोड वाइन त्या कोंबांना झाकून टाकते. सिल्व्हानरची आम्लता सौम्य, गंध ओल्या गवताचा, त्यामुळे ती लोण्याचा जडपणा कापते आणि कोंबाला बोलू देते. गटेही आपल्या बागेतला अ‍ॅस्परॅगस शार्लोटे फॉन श्टाइनला धाडीत असे.

‘ब्लाउए त्सिप्फेल’ हा दुसरा पदार्थ अधिक रांगडा: कच्चे सॉसेज व्हिनेगर, कांदा आणि वाइनच्या रश्श्यात मंद शिजवायचे. त्यांच्यावर निळसर झाक येते, म्हणून नावात ‘निळी’. व्हिनेगरपुढे पुष्कळ नाजूक वाइन कोलमडतात. इथे मात्र भांड्यात पडते तीच पेल्यातही असते, आणि दोघींचे जुळते.

अ‍ॅस्परॅगसची काढणी परंपरेने २४ जूनला, संत योहानच्या दिवशी, थांबते. पुढच्या वर्षासाठी मुळांना बळ धरू द्यायचे असते. मग सप्टेंबरपासून तळ्यातला कार्प मासा येतो, पिठात घोळवून अख्खा अर्धा तळलेला, आणि त्याच्याशेजारी पुन्हा हीच बाटली.