वांद्र्याची खाडी व सुश्रुतोक्त जलमग्नोपचार

माहीम व वांद्रें यांमधील खाडी इ. स. १८४५ पूर्वीं नावेनें ओलांडावी लागे आणि पावसाळ्यांत तो प्रवास जिवावरचा असे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनीं १,५७,००० रुपये दिले व त्या सालीं तेथें बांधरस्ता खुला झाला. बुडण्याचें एक कारण त्यामुळें दूर झालें. तथापि वांद्र्याच्या खडकाळ किनाऱ्यावर माणसें आजही बुडतात. अशा मनुष्यास बाहेर काढल्यावर प्रथम काय करावें, याविषयीं आपला प्राचीन ग्रंथ काय सांगतो व तें कितपत ग्राह्य आहे, हें पाहण्याचें येथें योजिलें आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील २७ वा अध्याय 'शल्यापनयनीय' या नांवाचा आहे. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं डल्हणाच्या टीकेसह संपादिलेली व मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापलेली आवृत्ति अनेक संग्राहकांपाशीं असेल. त्या अध्यायांत, कंठांत घास अडकल्यास त्या मनुष्याच्या ध्यानीं नसतां खांद्यावर मुठीनें प्रहार करावा, असें सांगितलें आहे. ज्याच्या उदरांत पाणी भरलें आहे त्याचें डोकें खालीं करून त्यास दाबावें, हालवावें, वांति करवावी, किंवा राखेच्या राशींत तोंडापर्यंत पुरावें, असेंही विधान आहे.

हे दोन्ही उपचार एकाच अध्यायांत यावे यांतच मर्म आहे. शल्य म्हणजे शरीरांत शिरलेली व बाहेर काढण्याजोगी वस्तु. अडकलेला घास खरोखरच शल्य होय. म्हणून त्या प्रहाराचें आज पाठीवर खवाट्यांच्या मध्यें देण्याच्या पांच थापांशीं जवळचें नातें आहे. बुडालेल्याचा घात मात्र उदरांतील पाण्यानें होत नसून श्वास तुटल्यानें होतो. पाण्यासच शल्य मानल्यामुळें उपचार चुकला. ही चूक केवळ आपलीच नव्हे. इ. स. १७६७ मध्यें ॲमस्टरडॅम येथें स्थापन झालेल्या जलमग्नरक्षक मंडळानें तोंडानें श्वास देण्यासमवेत गुदद्वारें तंबाखूचा धूरही देण्यास सांगितलें होतें.

सांप्रतचा नियम असा: १०८ वर हांक द्यावी; श्वास नसल्यास मनुष्यास उताणें निजवून आधीं तोंडानें श्वास द्यावे; नंतर छातीच्या मध्यावर मिनिटास १०० ते १२० या गतीनें दाब द्यावे, दर ३० दाबांमागें २ श्वास. उलटें टांगणें व पोट दाबणें वर्ज्य. त्यांत वेळ जातो व ओकारी फुफ्फुसांत उतरते.

किनाऱ्यावर आजही कोणी बुडालेल्यास उलटा धरूं लागतो, तेव्हां त्यानें सुश्रुत वाचलेला नसतो. परंतु समजूत तीच असते. म्हणून अशा पोथ्या प्रसिद्ध करणाऱ्यांस विनंति कीं, पाठ अक्षरशः राखावा, त्यास हात लावूं नये. मात्र त्याखालीं आजचा नियम टिपेंत अवश्य द्यावा. पाठशुद्धीचें पुण्य मोठें खरें, पण तिच्यापायीं कोणाचा श्वास जाऊं नये.