अंकुशकृमीचा शोध आणि गॉटहार्डचा बोगदा

राज्यांच्या इतिहासांत कष्टकरी माणसाच्या प्रकृतीची नोंद क्वचितच सांपडते. अंकुशकृमीच्या शोधाचा वृत्तांत या दृष्टीनें महत्त्वाचा आहे.

आल्प्स पर्वतांतील सेंट गॉटहार्डचा सुमारें १५ किलोमीटर लांबीचा रेल्वेबोगदा इ. स. १८७२ ते १८८२ या काळांत खोदला गेला. मजूर बहुतेक इटालियन होते. त्यांपैकीं पुष्कळ जण पांढरेफटक पडूं लागले. त्यांना धाप लागे व हातपाय गळून जात. बोगद्यांतील कोंदट हवा व सुरुंगांचा धूर यांवर प्रथम दोष ठेवण्यांत आला. परंतु १८८० सालीं तुरीन येथील पेरोंचितो प्रभृति संशोधकांनीं आजारी मजुरांच्या आंतड्यांतील अंकुशकृमी दाखवून दिले.

हा कृमि अज्ञात नव्हता. मिलान येथें दुबिनी यास तो १८३८ सालींच एका शेतकरी स्त्रीच्या शवांत आढळला होता. परंतु आंतड्यास चिकटून रक्त शोषणारा हा क्षुद्र जीव मजुरांच्या तांड्यास निःसत्त्व करूं शकतो, हें बोगद्यानें सिद्ध केलें. तेथील उबदार चिखलांतच मजूर शौचास बसत व त्यांतच वावरत. पुढें ईजिप्तमध्यें लोस याच्या हातावर अळ्यांचें पाणी सांडलें, आणि कांहीं काळानें त्याच्याच विष्ठेंत कृमींचीं अंडीं सांपडलीं. त्वचा हेंच या रोगाचें द्वार ठरलें. अनवाणी चालणारा त्यास सहज बळी पडे.

१९०९ सालीं रॉकफेलर यांच्या दहा लक्ष डॉलरांच्या देणगीनें अमेरिकेच्या दक्षिण भागांत निर्मूलनाचें काम सुरू झालें. थायमॉलनें कृमि पडत. परंतु जेथें शौचकूप झाले नाहींत, तेथें पुन्हां लागण होई.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत कृमिचिकित्सेचे तीन टप्पे सांगितले आहेत: कृमि काढून टाकणें, त्यांस पोषक अशी शरीरस्थिति मोडणें आणि मूळ कारण टाळणें. यावरून चरकास अंकुशकृमि ठाऊक होता असें अनुमान काढूं नये. परंतु ही विभागणी मार्मिक आहे. मातींतून पसरणाऱ्या जंतांची बाधा आज जगांत सुमारें १५० कोटी लोकांस असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतांत २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनीं मुलांस अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ही पहिली पायरी होय. तिसरी पायरी स्वच्छ जमिनीची. ती गांठल्यावांचून पहिली वारंवार चढावी लागते, हाच गॉटहार्डपासूनचा अनुभव आहे.