दोष माणसाचा की रचनेचा?

१) २८ मार्च १९७९. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. फलकावरील दिवा मात्र विझला. तो झडपेची स्थिती नव्हे, तर ती मिटण्याची आज्ञा गेल्याचे दर्शवीत होता. कर्मचारी फसले, पाणी निसटत राहिले, अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

२) कारणे शोधणाऱ्यांत मानसशास्त्रज्ञ डॉन नॉर्मन होते. त्यांनी माणसांपेक्षा फलकाच्या रचनेला दोषी मानले. दार, शेगडी, दूरध्वनी यांच्या दाखल्यांतून हाच विचार मांडणारे त्यांचे ‘द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ १९८८ साली प्रसिद्ध झाले. पुढे शीर्षकात ‘सायकॉलॉजी’ऐवजी ‘डिझाइन’ आले.

३) ॲप व संकेतस्थळे घडवणाऱ्यांना आजही हे पुस्तक आवर्जून सुचवले जाते. वापरणारा वारंवार चुकत असेल, तर त्याला बोल लावण्याआधी रचना तपासावी, ही त्याची शिकवण.