जागा मोजल्या, प्रश्न मोजले नाहीत

निवडणुकीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत, चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर एकच हिशेब सुरू होतो. आपले किती निवडून आले? महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २०१९ मध्ये दहा, २०२४ मध्येही दहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात मुसलमानांचे प्रमाण साडेअकरा टक्के. मग त्रैराशिक मांडले जाते, किती हवे होते आणि किती आले याची वजाबाकी होते आणि हळहळ व्यक्त करून मंडळी घरोघर जातात.

हा हिशेब खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. ज्या समाजाचा आवाज सभागृहात घटत जातो, त्याने तो मोजलाच पाहिजे. पण दुसराही एक हिशेब आहे आणि तो आपण जवळजवळ कधीच मांडत नाही. जे निवडून गेले, मग ते आपल्यातले असोत वा दुसऱ्या समाजातले, त्यांनी पाच वर्षांत काय विचारले? कोणत्या मंत्र्याला विचारले? उत्तर काय मिळाले? आणि त्या उत्तराचे पुढे काय झाले? या दुसऱ्या हिशेबाकडे आपले दुर्लक्ष का झाले, हे समजून घ्यायचे तर थोडे इतिहासात जावे लागेल.

सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क आभाळातून पडलेला नाही. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात कायदे कौन्सिल आले, तेव्हा त्याचे काम एकच होते. सरकारने पुढे ठेवलेल्या कायद्याच्या मसुद्यावर बोलायचे आणि मान डोलवायची. १८८२ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी या कौन्सिलात नेमले गेले. मुंबई हायकोर्टात साक्षीदारांना प्रश्न विचारून घाम फोडणारे ते बॅरिस्टर. पण कौन्सिलात बसल्यावर सरकारच्या कारभाराबद्दल एक साधा प्रश्न विचारण्याची मुभा त्यांना नव्हती. कोर्टातला साक्षीदार उत्तराला बांधलेला होता, गव्हर्नरचे सरकार नव्हते.

१८९२ च्या कायद्याने हे दार किलकिले झाले. सभासदाला आधी लेखी सूचना देऊन प्रश्न विचारता येऊ लागला. मात्र उत्तर आले की गप्प बसायचे. त्यावर चर्चा नाही, दुसरा प्रश्न नाही. उत्तर अर्धवट असो, फिरवाफिरवीचे असो, ते ऐकून घ्यायचे. काँग्रेसच्या १८९६ च्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष रहिमतुल्ला सयानी, १८९५ मध्ये निवडून आलेले लोकमान्य टिळक, फिरोजशहा मेहता, गोखले ही सारी त्या काळातल्या मुंबई कौन्सिलातली माणसे. त्यांच्या हाती एवढेच हत्यार होते.

यानंतर आले १९०९. हे साल आपल्याला पाठ आहे. मोर्ले-मिंटो सुधारणा म्हटले की मुसलमानांचे स्वतंत्र मतदारसंघ आठवतात. ते योग्य होते की फाळणीचे बीज होते, यावर आजवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पण त्याच सुधारणांत आणखी दोन गोष्टी होत्या. मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला उत्तरानंतर उपप्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला. आणि सार्वजनिक हिताच्या विषयावर सरकारला शिफारस करणारा ठराव मांडता येऊ लागला. एका हाताने जागा मिळाल्या, दुसऱ्या हाताने त्या जागेवर बसून काय करायचे त्याचे साधन मिळाले. आपल्या वडीलधाऱ्यांनी, आणि त्यांच्या विरोधकांनीही, पहिली गोष्ट डोक्यावर घेतली आणि दुसरी विसरली. पुढची शंभर वर्षे मुसलमानांच्या राजकारणाची चर्चा 'किती' या एका शब्दाभोवती फिरत राहिली. 'काय' हा शब्द मागे पडला.

१९१९ च्या कायद्याने द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी 'सोपीव' खाती हिंदी मंत्र्यांकडे आली, आणि उपप्रश्न विचारण्याचा हक्क सभागृहातल्या कोणाही सभासदाला मिळाला. १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात जे पहिले तीन मंत्री झाले, त्यांत रँग्लर परांजपे शिक्षणखात्याचे, तर सिंधचे गुलाम हुसेन हिदायतुल्ला स्थानिक स्वराज्य खात्याचे होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांचा प्रवास तर या हक्काच्या वाढीचा जणू नकाशाच. १८९९ पासून एक तपाहून अधिक काळ ते कौन्सिलात सभासद म्हणून प्रश्नकर्त्यांच्या बाजूला होते. १९१८ पासून गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात, म्हणजे उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला. आणि १९२३ मध्ये ते त्याच कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आपल्या समाजाला सभागृहाची परंपरा नाही, असे म्हणणाऱ्यांनी आणि ते ऐकून घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

आता या हक्काने प्रत्यक्षात काय घडवले, ते पाहू. त्यासाठी आम्ही मुद्दाम असे उदाहरण घेतो आहोत, ज्यात प्रश्न मुसलमानांचा नव्हता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलात एक ठराव मांडला. बोले भंडारी समाजातले, मुंबईच्या गिरणी कामगारांत काम केलेले. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, एवढीच त्यांची मागणी. ठराव मंजूर झाला. ११ सप्टेंबरला सरकारने खातेप्रमुखांना तसा हुकूम धाडला. कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला.

कागदावर सगळे झाले. पाणी मात्र कोणी भरू दिले नाही.

सरकारी कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. ठराव होतो, हुकूम निघतो, तो जिल्ह्याला जातो, जिल्हा तालुक्याला पाठवतो आणि तालुक्यात तो फायलीत निजतो. बहुतेक सभासद इथेच थांबतात. वर्तमानपत्रात नाव आले, काम झाले. बोले थांबले नाहीत. तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९२६ रोजी, ते पुन्हा उभे राहिले. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हा ठराव अमलात आणत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, असा नवा ठराव त्यांनी आणला. पहिला ठराव तत्त्वाचा होता. दुसरा पैशाचा होता. सरकारी यंत्रणेला कोणती भाषा कळते, हे बोल्यांना ठाऊक होते.

पुढची कहाणी आपण जाणतो. फेब्रुवारी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर नियुक्त सभासद म्हणून त्याच कौन्सिलात आले आणि महिन्याभरात, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे घेऊन गेले. त्यांच्या हातात बंड होते, पण त्या बंडामागे कौन्सिलचा ठराव, सरकारचा हुकूम आणि नगरपालिकेचा कागदही होता. ते मागत होते ते नवे काही नव्हते; मंजूर झालेलेच होते. परत जाणाऱ्या लोकांवर गावातल्या सनातन्यांनी हल्ला केला, तेव्हा अनेकांना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषदेला जागा द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जमीन दिली. दरम्यान, ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला होता. प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. १९२३ च्या ठरावापासून या निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे लागली. एका तळ्यासाठी.

या कहाणीतला एक तपशील आपण मुसलमानांनी नीट पाहावा. चवदार तळ्याचे पाणी मुसलमानांना बंद नव्हते. महाडच्या आपल्या भावांची घागर तिथे भरत होती. म्हणजे 'आपला प्रश्न' असा तो नव्हताच. तरीही काहींनी दार उघडले, एकाने जमीन दिली. आणि सभागृहात हा विषय धरून बसले ते बोले, जे स्वतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याची जात आणि प्रश्नाची जात एकच असावी लागत नाही, हे महाडने दाखवले. ज्याचे दुःख त्यानेच मांडावे, हा नियम झाला तर दहा जण दहापुरतेच उरतात.

आजच्या सभागृहात बोल्यांपेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत. तारांकित प्रश्न आहे, ज्याचे उत्तर मंत्र्याला उभे राहून द्यावे लागते आणि ज्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्न आहे, ज्याचे उत्तर लेखी मिळते. लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, ते पाहणारी आश्वासन समिती आहे. प्रश्नोत्तराची यादी छापली जाते. तिची भाषाही ठरलेली. 'हे खरे आहे काय?' 'असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?' आणि उत्तरे, 'हे अंशतः खरे आहे', 'प्रकरण विचाराधीन आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. वाचणाऱ्याला हसू येते. पण त्या 'विचाराधीन' शब्दाखाली मंत्र्याचे नाव असते, तारीख असते. पुढच्या अधिवेशनात तोच कागद दाखवून विचारता येते की विचार पुरा झाला का? बोल्यांनी १९२६ मध्ये तेच केले.

आता आपल्या प्रश्नांकडे पाहू. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. महाराष्ट्रातल्या मुसलमानांची स्थिती पाहण्यासाठी २००८ मध्ये नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये आपला अहवाल दिला. जुलै २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. त्या नोव्हेंबरात हायकोर्टाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातले राहू दिले. पण सरकार बदलले आणि अध्यादेशाची मुदत कायदा न होताच संपली. या प्रत्येक टप्प्यावर आपण सभा घेतल्या, निवेदने दिली, मोर्चे काढले. ते करायलाच हवे होते. पण आपल्या तालुक्याच्या आमदाराने, त्याचे नाव काहीही असो, कोणत्या शिफारशीवर कोणत्या दिवशी कोणता प्रश्न विचारला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आणि आपण त्याला तो विचारायला लावला का?

हे फक्त समाजाच्या नावाने येणाऱ्या प्रश्नांपुरते नाही. कोकणातल्या खाडीकाठचा बंधारा फुटला, मराठवाड्यातल्या गावात टँकर आला नाही, मालेगावातल्या यंत्रमागाची वीज गेली, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहिली, तर त्याला उत्तर देणारा मंत्री एकच असतो, बंधाऱ्याच्या अलीकडे मोहल्ला असो की वाडी. हे सारे विचारायला मुसलमान आमदारच हवा, असे नाही. आपल्या मताने निवडून गेलेला कोणीही आमदार हवा, आणि त्याच्या हातात तपशिलाचा कागद देणारा गाव हवा. नुसती तक्रार घेऊन गेलेल्याला आमदार चहा पाजून परत पाठवतो. शाळेचे नाव, मंजूर पदे, भरलेली पदे आणि सरकारी पत्राचा क्रमांक घेऊन गेलेल्याला टाळणे त्याला जड जाते. प्रश्न सभागृहात जन्मत नाही. तो गावात लिहिला जातो, सभागृहात फक्त वाचला जातो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या संस्था, मदरशांच्या समित्या, वाचनालये, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटना यांनी दर अधिवेशनानंतर आपल्या आमदाराच्या प्रश्नांची यादी मागवावी आणि नोटीस बोर्डावर लावावी. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, आणि तिसरा रकाना रिकामा ठेवावा. पुढच्या अधिवेशनाआधी तो रिकामा रकाना घेऊन आमदाराच्या दारात जावे. दहा जागांच्या वीस झाल्या तर आनंदच आहे. पण तो तिसरा रकाना भरला नाही, तर वीसही कमीच पडतील.