अतिदक्षता : शब्द आणि इतिहास

‘अतिदक्षता विभाग’ हा शब्द मराठीने इंग्रजीवरून घडवला. पण मूळ शब्दातील ‘केअर’साठी ‘शुश्रूषा’ न घेता ‘दक्षता’ घेतली. आम्हांला ही निवड अर्थपूर्ण वाटते. या विभागाचे नाव काढताच आपल्यासमोर यंत्रे उभी राहतात. त्याचा इतिहास मात्र माणसांच्या जागरणापासून सुरू होतो.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ उसळली. ब्लेगदाम रुग्णालयात मोठे श्वसनयंत्र एकच होते आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले बहुतेक रुग्ण दगावत होते. २७ ऑगस्टला भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत छेदातून नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास पुरवला. त्यानंतर सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून कित्येक महिने पिशव्या दाबत राहिले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. १९५३च्या अखेरीस इब्सेन यांनी त्याच शहरात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरुग्णांसाठी असा कक्ष आला.

महानगराबाहेरही हीच दक्षता फळली. १९७६पासून महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून लक्षणे टिपली. हृदय निकामी होऊन आणि फुफ्फुसांत पाणी साचून मृत्यू येतो, हे त्यांनी ओळखले. १९८२मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे त्यांनी वापरलेल्या प्राझोसिन या साध्या गोळीने असंख्य जीव वाचले.

‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांचे जन्मगाव आजरा. आंबोली घाटाच्या वाटेवरच्या या तालुक्यात मृत्यूशी झुंज अनेकदा रस्त्यावरच सुरू होते. अत्यवस्थ रुग्णाला गडहिंग्लज किंवा थेट कोल्हापूर गाठावे लागते. २०१४मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्या काही गाड्यांत श्वसनयंत्रही असते. म्हणजे अतिदक्षतेने विभागाची भिंत ओलांडली.

तरीही यंत्र फक्त इशारा देते. तो ऐकून उठणारे माणूस जागे असावे लागते. गावोगावी नव्या कक्षांची उद्घाटने होतात, तेव्हा खाटा आणि यंत्रे मोजली जातात. रात्रपाळीला किती प्रशिक्षित परिचारिका असतील, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. कोपनहेगनचा इतिहास नेमका तोच प्रश्न आधी विचारायला सांगतो.